बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा

आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत बंदूक ही दिवाणखान्यातल्या लंबकाच्या घड्याळाइतकी ठरलेली वस्तू होती. करवीर दरबारात शिकारीचा रिवाज मोठा. दरबाराशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला त्यांच्या घरी एखादी तरी दुनळी असायचीच. खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू पडे, झेंडूचे फूल वाहिले जाई, आणि पुन्हा वर्षभर ती कपाटात जाई. संस्थाने विलीन झाली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही संपली. आज आपल्या घरांतली बंदूक ही बहुधा आजोबांची आठवण म्हणून उरली आहे.

परंतु आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी-बांद्यावरून पेडण्यात जावे, किंवा दोडामार्गाने डिचोलीत उतरावे, तेथे बंदूक अजून शेतीच्या अवजारांत मोडते. हे दोन्ही महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते; पुढे ते पोर्तुगीजांकडे गेले आणि १९६१ च्या डिसेंबरात गोव्याबरोबर मुक्त झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी तेथे आहेत. माझे आजोळही डिचोली महालातले. डोंगरउतारावर काजू, खाली पाटाच्या पाण्यावर नारळ-सुपारीचे कुळागर, त्याखाली भाताची शेते, अशी तिकडची वस्ती. रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरला की चार महिन्यांची मेहनत एका प्रहरात उखडली जाते. दिवसा माकडे नारळ-केळी ठेवत नाहीत. अलीकडे गवेही खाली उतरू लागले आहेत. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून तेथील शेतकरी बंदुकीचा परवाना काढतो. परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची मोकळीक मिळाली असे मात्र नव्हे. वन्यजीवांचा कायदा परवान्याच्या वर आहे. बहुतेक बार हवेतच काढले जातात आणि आवाजावरच काम भागते.

अशा एका घरी गेल्या काजूच्या हंगामात मला एक प्रश्न विचारण्यात आला. घरातली जुनी एकनळी आता निकामी झाली आहे. नवी दुनळी परवडत नाही. त्यापेक्षा कमी पैशांत पंपाची बंदूक मिळते असे ऐकिवात आहे. ती घ्यावी काय? स्वस्त आहे ती ऐन वेळी अडणार तर नाही ना, आणि त्याहून मोठी काळजी म्हणजे, घरात पोरेबाळे असता ती धोक्याची तर ठरणार नाही ना? घर शहाण्या माणसांचे होते, म्हणूनच प्रश्न बंदुकीच्या बळाचा नव्हता, भरवशाचा होता. त्याचे उत्तर शोधताना मला वारंवार एका माणसाच्या चरित्राकडे जावे लागले. त्याला जाऊन आता शंभर वर्षे होत आली. त्याचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

हे नाव आपल्या वाचकांना पिस्तुलामुळे ठाऊक असेल. भारतीय सैन्यात दीर्घकाळ वापरात असलेले आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मुळात त्याच्याच आराखड्यावरून पुढे आलेले आहे. परंतु पंपाच्या बंदुकीला आजचे रूप देणाराही तोच, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

ब्राउनिंगचा जन्म १८५५ च्या जानेवारीत अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन या गावी झाला. बाप जोनाथन हा बंदुका करणारा व दुरुस्त करणारा कारागीर. मॉर्मन पंथाचा स्वीकार केल्यामुळे त्याला इलिनॉय सोडावे लागले होते, आणि गाडीबैलांच्या तांड्याबरोबर मजल दरमजल करीत तो १८५२ साली ऑग्डेनला येऊन स्थिरावला होता. तीन बायका आणि बावीस मुले असा त्याचा प्रपंच. त्याने स्वतः एक अनेकबारी बंदूक केली होती. एका आडव्या पोलादी पट्टीत भोके पाडून त्यांत बार भरायचे आणि पट्टी एकेक घर सरकवीत ते उडवायचे, अशी ती साधी युक्ती. पुढे मुलाच्या हातून जे घडले त्याचे बीज या पट्टीत असावे असे मला वाटते.

ऑग्डेन हे तेव्हा सरहद्दीवरचे गाव. तेथे बंदूक मोडली तर नवी घेणे कोणाला परवडत नसे. मोडक्या बंदुका जोनाथनच्या दुकानी येत, आणि पोर त्या ढिगाऱ्यातच वाढले. मिसरूड फुटण्यापूर्वीच त्याने त्या भंगारातून भावासाठी एक बंदूक जुळवली होती. आपल्या दृष्टीने त्याच्या शिक्षणाचा सारा अर्थ येथे आहे. शाळा त्याला फारशी लाभली नाही. परंतु बंदूक कोठे आणि का बिघडते हे तो लहानपणापासून शेकडो उदाहरणांवरून पाहत होता. कोणती कमान आधी थकते, कोणता खिळा झिजतो, धूळ कोठे साचते, घाबरलेला माणूस कोणती कळ चुकीची दाबतो, याचा अभ्यास दुरुस्ती करणाराच करू शकतो. नवी वस्तू करणाऱ्याला ती चालताना दिसते. दुरुस्त करणाऱ्याला ती बंद पडलेली दिसते.

१८७९ साली जोनाथन वारला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जॉनला त्याच्या एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. भावांच्या मदतीने त्याने गावातच छोटा कारखाना काढला आणि सुमारे सहाशे रायफली बनवल्या. त्यांतली एक फिरत फिरत पूर्वेकडे विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली. १८८३ मध्ये कंपनीचे बेनेट हे ऑग्डेनला जातीने आले आणि त्यांनी ८,००० डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क घेतले. तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे ब्राउनिंग आराखडे करी आणि विंचेस्टर ते विकत घेई. चाळिसाहून अधिक आराखडे कंपनीने घेतले. बाजारात आले ते त्यांतले थोडेच. बाकीचे केवळ प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत म्हणून पेटीत ठेवले गेले.

आता पंपाच्या बंदुकीकडे येऊ. दुनळीत दोन बार असतात. ते झाले की बंदूक मोडून पुन्हा भरावी लागते. पंपाच्या बंदुकीत नळीच्या खाली तशीच दुसरी एक नळी असते आणि तीत काडतुसे एकामागे एक बसतात. डाव्या हाताखालची मूठ मागे ओढली की उडालेले टोपण बाहेर फेकले जाते; पुढे लोटली की नवे काडतूस नळीत चढते आणि मागचा पोलादी बोल्ट तिचे तोंड बंद करतो. ही कल्पना प्रथम ब्राउनिंगची नव्हे. स्पेन्सर नावाच्या गृहस्थाची अशी बंदूक १८८२ च्या सुमारास निघाली होती. विंचेस्टरने ब्राउनिंगकडे अनेकबारी छऱ्याची बंदूक मागितली तेव्हा त्याचा कल पंपाकडेच होता, परंतु कंपनीचे नाव तरफेच्या रायफलींवर चालत असल्यामुळे तिने तरफेचाच आग्रह धरला. ती बंदूक १८८७ साली निघाली. पुढे सहा वर्षांनी, १८९३ मध्ये, त्याची पंपाची बंदूक बाजारात आली.

येथून पुढची हकीकत ज्यांच्या घरी जुनी बंदूक आहे त्यांनी लक्ष देऊन वाचावी. १८९३ ची बंदूक काळ्या दारूसाठी केलेली होती. त्याच सुमारास बिनधुराची नवी दारू प्रचारात आली. तिचा दाब निराळ्या रीतीने वाढतो, आणि तो या बंदुकीला सोसण्याजोगा नव्हता. ब्राउनिंगने आणि कंपनीने वरवरची मलमपट्टी केली नाही. बंदुकीचा सांगाडा भक्कम केला, रचना सुधारली, आणि १८९७ साली नवी बंदूक काढली. जुनी परत घेऊन नवी देण्याचीही तजवीज झाली. ही सत्त्याण्णवची बंदूक १९५७ पर्यंत निघत राहिली आणि दहा लाखांहून अधिक विकली गेली.

आपल्या कपाटांतल्या आणि डिचोली-पेडण्यातल्या माळ्यांवरच्या जुन्या बंदुकांना हीच गोष्ट लागू आहे. ज्या नळीच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते ती नळी लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेली असते आणि बहुधा काळ्या दारूच्या काळातली असते. तीत आजचे काडतूस बसते. परंतु बसते म्हणून ते चालते असे नाही. जुन्या बंदुकीचे घर आखूड असले आणि काडतूस लांब असले तरी ते आत जाते. मात्र उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आजोबांच्या हातात जिने कधी दगा दिला नाही ती नातवाच्या हातात फुटते, आणि लोक दैवाला बोल लावतात. पण दारू बदलली आणि नळी तीच राहिली, एवढेच तेथे घडलेले असते.

सत्त्याण्णवच्या बंदुकीचे गुण सांगितले, तसा दोषही सांगितला पाहिजे. तिचा घोडा उघडा, मागे दिसणारा. तो चढलेला आहे की नाही हे अंधारातही अंगठ्याला कळते, ही सोय खरी. परंतु नळीत काडतूस असताना चढलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरवायचा झाल्यास घामेजलेला अंगठा निसटतो, आणि बार उडतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर. चाप दाबून धरलेला असताना मूठ पुढे लोटली की बोल्ट बंद होताक्षणीच बार उडे. चाप प्रत्येक बाराला सोडून पुन्हा दाबावाच लागेल अशी अडसर-कळ तीत नव्हती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी हीच बंदूक संगीन लावून खंदकांत नेली, तेव्हा या दोषाचा त्यांनी गुण करून घेतला. एकामागे एक बार इतक्या झपाट्याने निघत की १९१८ च्या सप्टेंबरात जर्मनीने या शस्त्राविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला. पण जी गोष्ट खंदकात उपयोगी ती कुळागरात घातक. पुढच्या काळातील बहुतेक पंपाच्या बंदुकांत ही अडसर-कळ आली. जुनी बंदूक किंवा तिची नक्कल घेताना ती आहे की नाही हे आधी पाहावे. चीनमध्ये अलीकडच्या काळात सत्त्याण्णवच्या स्वस्त नकला निघाल्या होत्या, म्हणून हे सांगणे अस्थानी नव्हे.

विंचेस्टरशी त्याचे बिनसले ते १९०२ साली. आपोआप भरणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचा आराखडा त्याने केला होता आणि या वेळी एकरकमी पैशांऐवजी प्रत्येक बंदुकीमागे हक्काची रक्कम मागितली. कंपनीने नाकारले. तो रेमिंग्टनकडे गेला. त्यांचे अध्यक्ष हार्टली यांच्या भेटीसाठी तो कचेरीत बसला असतानाच हार्टली हृदयविकाराने वारल्याची बातमी आली. तेव्हा त्याने बोट धरली आणि बेल्जियममध्ये लिएझ गाठले. लिएझ हे बंदुकांचे शतकांचे माहेरघर. तेथील राष्ट्रीय शस्त्रकारखान्याने ती बंदूक घेतली, आणि ब्राउनिंग हे नाव युरोपात घरोघर झाले. पुढच्या आयुष्यात त्याने अटलांटिक महासागर किती वेळा ओलांडला याची गणती करणेच कठीण.

स्वस्त पंपाच्या बंदुकीशी त्याचा संबंध याच सुमाराचा. त्याने आत घोडा लपवलेल्या पंपाच्या बंदुकीचा आराखडा स्टीव्हन्स कंपनीला दिला आणि ती १९०९ च्या सुमारास बाजारात आली. अमेरिकेतील टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी ती आपापल्या नावांनी, कमी किमतीत, गावोगावच्या शेतकऱ्यांना विकली. जगातला सर्वश्रेष्ठ शस्त्रशिल्पी गरिबाच्या बंदुकीसाठीही तेवढेच डोके चालवीत होता. त्याने पुढे रेमिंग्टनसाठी केलेल्या आणखी एका पंपाच्या बंदुकीवरून १९३७ साली इथाकाची बंदूक निघाली, आणि तिचेही आयुष्य फार मोठे ठरले.

भरवसा म्हणजे काय, हे त्याने कसोटीवर दाखवून दिले. १९११ च्या मार्चमध्ये त्याच्या पिस्तुलाची अमेरिकन सैन्याने परीक्षा घेतली. दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा झाडायचे. एकदाही ते अडले नाही. १९१७ च्या मे महिन्यात त्याच्या यंत्रबंदुकीने २०,००० गोळ्या झाडल्या, आणि दुसरी तशीच बंदूक ४८ मिनिटांहून अधिक वेळ अखंड चालली. सरकारने युद्धासाठी हक्क मागितले तेव्हा त्याने ७,५०,००० डॉलर घेऊन ते दिले. हक्काचा दर धरून बसता तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्याच्या नावावर एकंदर १२८ पेटंटे आहेत. १९२६ च्या २६ नोव्हेंबरला लिएझच्या कारखान्यात, मुलाच्या खोलीत, एका नव्या दुनळीचे काम चालू असतानाच हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. ती दुनळी मुलाने पुरी केली. देह ऑग्डेनला नेण्यात आला.

त्याची शस्त्रे दोन महायुद्धांत असंख्य माणसांच्या मृत्यूला कारण झाली, हे झाकून त्याचे चरित्र सांगता येणार नाही. परंतु शेतकऱ्याच्या घरच्या बंदुकीपुरता त्याच्या कामाचा जो बोध आहे तो निराळा काढावा लागतो, आणि तोच मी डिचोलीच्या त्या घरी सांगितला.

स्वस्त म्हणजे कमकुवत असे नेहमी नसते. आजच्या कित्येक पंपाच्या बंदुकांत बोल्ट थेट नळीच्या पोलादी शेपटीत अडकतो. बाराचा सारा दाब तेथेच पेलला जातो, आणि म्हणून बाहेरचा सांगाडा हलक्या धातूचा असला तरी चालतो. लाकूड साधे, चकाकी कमी, भाग साच्यातून ठोकून काढलेले. एवढ्याने पैसे वाचत असतील तर त्यात धोका नाही. रेमिंग्टनची १९५० च्या सुमारास निघालेली पंपाची बंदूक अशाच काटकसरीने केलेली होती आणि २००९ पर्यंत तिची संख्या एक कोटीवर गेली. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यानेही बारा बोअरची पंपाची बंदूक काढली. पैसे वाचवण्याची चुकीची ठिकाणे निराळी असतात. टोपण ओढणारा आकडा मऊ पोलादाचा असतो, काडतूस अडवणाऱ्या कमानी लवकर थकतात, आणि नळीतील काडतुसाचे घर आतून खडबडीत राहते. शेवटच्या दोषामुळे उडालेले टोपण आत चिकटते, मूठ मागे येत नाही, आणि लोक सारी बंदूकच वाईट म्हणतात. घेण्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडून हे तीन ठिकाणी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट तिकडच्या हवेची. शंभर इंचांवर पाऊस पडणाऱ्या मुलखात स्वस्त बंदुकीची पातळ काळी चकाकी एका पावसाळ्यात जाते आणि गंज आत शिरतो. कागदी काडतूस दमटपणाने फुगते आणि घरात अडकते. निवडणुकीच्या वेळी हत्यारे जमा करण्याचे हुकूम निघतात. तीही बंदूक महिना-दोन महिने कोंदट जागी पडून राहते. ती परत आली की प्रथम पुसावी, नळीतून उजेड पाहावा, तेल द्यावे, मगच वापरावी. शिवाय वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकते आणि मागे दुसरे भरता येते. असा बार नळी फोडतो. म्हणून दोन मापांची काडतुसे एका डब्यात कधी ठेवू नयेत.

पंपाच्या बंदुकीचा अडखळा पुष्कळदा हाताचा असतो. घाबरलेला माणूस मूठ अर्धीच ओढतो, टोपण बाहेर पडत नाही, आणि दोन काडतुसे तोंडाशी भिडतात. मूठ शेवटपर्यंत मागे आणि शेवटपर्यंत पुढे, ही सवय खोट्या काडतुसांवर करून घेतली पाहिजे.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुनळी मोडली की तिचे पोट रिकामे आहे की भरलेले हे समोरच्यालाही दिसते. पंपाची बंदूक तसे सांगत नाही. खालच्या नळीतली काडतुसे काढली तरी वरच्या नळीत एक राहून जाते, आणि घरातील बहुतेक अपघात या एका विसरलेल्या काडतुसाने होतात. बंदुकीवरची कळ बहुधा फक्त चाप अडवते. आतला चढलेला घोडा ती धरून ठेवीत नाही, त्यामुळे बंदूक आपटली तर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून घरात आणताना मूठ मागे ओढून ठेवावी, डोळ्यांनी पाहावे, करंगळी घालून चाचपावे, आणि मगच कुलुपात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या कुलुपात. हे काम कोणत्याही कारागिराला, ब्राउनिंगलाही, यंत्रात बसवता आले नाही.

त्या घरी बंदूक घेण्याचे ठरले, पण आधी जुनी एकनळी कारागिराला दाखवून परवान्यावरून रीतसर कमी करून घेण्याचे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही त्यांना ठाऊक होते. आपल्याकडच्या ज्या घरांत आजोबांची दुनळी अजून कपाटात आहे, त्यांनीही येत्या खंडेनवमीपूर्वी ती एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावी. ती कोणत्या दारूसाठी केली होती हे एकदा कळले, आणि तिच्या पेटीवर लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या पिढीला अंदाज करावा लागणार नाही.